दुपारचा पंप

आमच्या इमारतीची गच्ची कागदोपत्री सोसायटीची होती, पण खरी मालकी बायकांची. होळीच्या आधीपासून मे महिन्यापर्यंत तिथे जुन्या साड्या अंथरलेल्या असायच्या. त्यांवर कुरडया, पापड, बटाट्याचा कीस, आणि साडी उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना विटा. सोळा घरांच्या सोळा जागा ठरलेल्या. कोणाची साडी कुठे संपते आणि कोणाची कुठे सुरू होते, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी त्यावरून कधी भांडण झालं नाही. आम्ही पुरुष वर जायचो ते संक्रांतीला पतंग घेऊन आणि टाकी धुवायच्या दिवशी.

अडीच वर्षांपूर्वी त्या गच्चीचा दोन तृतीयांश भाग मी मागितला.

मी सोसायटीचा सचिव आहे. हे पद मला मिळालं ते दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पोटापाण्यासाठी अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, माप घ्यायचं, मर्यादेत आहे की नाही ते लिहायचं. सव्वीस वर्षं हेच केल्यावर तो स्वभाव घरीही येतो. बायको लोकांना सांगते, "यांना भाजी आणायला पाठवू नका. हे आधी काटा तपासतात, मग भाजी."

गच्चीवर सौर पॅनल बसवायचे, त्यांवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालवायचे, असा माझा प्रस्ताव होता. राज्याच्या धोरणात तशी सोय होती. दिवसा उन्हावर जी वीज तयार होईल त्यातली आपल्याला नको असलेली वीज तारेतून वीज कंपनीकडे जायची, संध्याकाळी लागेल ती तिच्याकडून घ्यायची, आणि महिनाअखेरीला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा. मी बैठकीत हे फळ्यावर लिहून समजावलं. पुरुषांनी माना डोलावल्या. मग मावशी बोलल्या.

मावशी वरच्या मजल्यावर, बरोबर टाकीखाली राहतात. वय सत्तरीचं. मूळच्या विंचूरच्या. त्यांचे मालक तिथल्या कांदा बाजारात मापारी होते, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं वजन करणारे. ते गेल्यावर मावशी मुलीजवळ राहायला नाशिकला आल्या. आमच्या इमारतीत त्या सगळ्यांच्याच मावशी.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "गच्ची घ्या. आमचं नाय म्हणणं नाय. पण या काचा आमच्या कुरडयांची जागा खाणार, आणि आम्हाला देणार काय?"

"लिफ्ट आणि पंप उन्हावर चालतील, मावशी. हा माझा शब्द."

"लिहून घेऊ का?"

"घ्या."

मला वाटलं होतं, त्या गंमत करतायत. पण त्यांनी खरोखरच इतिवृत्ताच्या वहीत ते वाक्य लिहायला लावलं आणि माझी सही झाल्यावरच चहाचा कप उचलला.

पॅनल बसले. दक्षिणेची एक पट्टी वाळवणासाठी मोकळी ठेवली, आणि त्या पट्टीवर पाळ्या लागल्या. सोळा साड्यांऐवजी पाच. कोणी तक्रार केली नाही, आणि तक्रार केली नाही म्हणूनच मला त्या शब्दाचं ओझं जास्त वाटायचं.

मीटरजवळ मी एक रजिस्टर टांगलं. रोज सकाळी सात वाजता, कामावर निघण्यापूर्वी, दोन आकडे लिहायचे: किती वीज घेतली, किती दिली. तेरा महिने एक दिवसही चुकला नाही. लग्नाला बाहेरगावी गेलो तर वॉचमनकडून सातला फोटो मागवला. आकडे उत्तम होते. जेवढी घेत होतो जवळजवळ तेवढीच देत होतो. कारखान्यात मी दोन-तीनदा तो रजिस्टरचा फोटो लोकांना दाखवला, हे कबूल करतो.

मग वर्तमानपत्रात बातमी आली. वीज कंपनीने राज्याच्या वीज आयोगापुढे नवा प्रस्ताव ठेवला होता. विजेचे दर आणि नियम ठरवायचे ते या आयोगाने; कंपनी मागते, आयोग लोकांचं ऐकून निर्णय देतो. प्रस्ताव असा होता की दिवसा दिलेली वीज फक्त दिवसा घेतलेल्या विजेतून वजा होईल. संध्याकाळचा हिशोब वेगळा. कंपनीचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. दुपारी सगळीकडून सौर वीज येते, तेव्हा तिची तेवढी गरज नसते. संध्याकाळी सगळे दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, तेव्हा वीज महाग पडते. पण आम्ही गच्ची दिली होती ती आधीच्या वजाबाकीवर. हा नियम झाला तर आमची लिफ्ट संध्याकाळी उन्हावर चालते, असं म्हणता आलं नसतं. माझा शब्द खोटा ठरणार होता.

आयोगाने हरकती मागवल्या होत्या आणि नाशिकला जनसुनावणी ठेवली होती. मी हरकत लिहिली. सहा मुद्दे. सोबत तेरा महिन्यांच्या नोंदींच्या झेरॉक्स. चौथा मुद्दा असा होता: "संस्थेचा पंप व लिफ्ट यांचा वापर सकाळी व संध्याकाळीच होत असून तो दिवसा हलवणे शक्य नाही." सोळाही घरांच्या सह्या घेऊन कागद पाठवला.

त्याच आठवड्यात मावशींनी रजिस्टर बघायला मागितलं. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी पानं उलटली. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, आकडे चांगले वाचतात.

"रोज सातच?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज बरोबर सात." मला वाटलं, कौतुक करतायत.

"मग दिवसा किती आणि दिवेलागणीला किती, ते यात कुठं हाय?"

मी रजिस्टर त्यांच्या हातून घेतलं आणि पुन्हा पहिलं पान उघडलं.

"दूध उतू गेलं का ते दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं बघून कसं कळंल, भाऊ?"

तेरा महिने, रोज दोन आकडे, एकही खाडाखोड नाही. आणि आयोगापुढे जो एकच प्रश्न होता, कोणत्या वेळी किती, त्याचं उत्तर त्या एवढ्या आकड्यांत कुठेच नव्हतं. दिवसातून एकदाच मोजलं तर दिवसाच्या आत काय घडलं ते दिसत नाही, हे शेंबडं मूलही सांगेल. कारखान्यात असा अहवाल माझ्यासमोर आला असता तर मी तो लाल शेरा मारून परत पाठवला असता. आणि तोच मी सोळा सह्यांनिशी आयोगाकडे पाठवला होता. "हलवणे शक्य नाही" हे वाक्य तर मी कशाच्या आधारावर लिहिलं, तेही मला सांगता येईना.

सुनावणीला एकोणीस दिवस होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवसातून चारदा मोजायला लागलो. सकाळी सात आणि रात्री झोपण्यापूर्वीचं मी. सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाचचं मावशी, कारण त्या वेळी मी कारखान्यात. मीटरवर आकडे एकामागून एक सरकत येतात. आधी तारीख, मग वेळ, मग घेतलेली वीज, मग दिलेली. मावशी स्टूल घेऊन बसायच्या आणि पूर्ण फेरी दोनदा बघूनच लिहायच्या. त्यांचे आकडे मराठी, माझे इंग्रजी.

चौथ्या दिवशी बेरीज जुळेना. बरोबर सहा युनिटांचा फरक.

"मावशी, तुमचा पाचचा आकडा चुकलाय बहुतेक."

"चुकला असंल तर तुमचा."

"मी रोज मापं घेतो, मावशी. नोकरीच ती आहे माझी."

"आणि माझ्या मालकांनी काय केळी विकली? काटा थांबल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाय, हे मी लग्नापासून ऐकतेय. आदल्या रात्री चष्मा लावला होता का तुम्ही?"

नव्हता लावला. मीटरवरच्या आकड्यांत तीन आणि नऊ यांच्यात एकाच रेघेचा फरक असतो. मी तिनाचा नऊ वाचला होता. मी रजिस्टरमध्ये दुरुस्ती केली आणि शेजारी सही केली. मावशी म्हणाल्या, "सही राहू द्या. चष्म्याची दोरी गळ्यात अडकवा."

आठवडाभराच्या नोंदींवरून चित्र स्पष्ट झालं. पंप दिवसातून दोनदा चालत होता: पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सातला. दोन्ही वेळी ऊन नाही. सकाळी महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत यायचं, ते वर चढवायला पंप. पण खालची टाकी मोठी आहे, पाणी दिवसभर तिथे असतंच. मग या दोन वेळा ठरवल्या कोणी? वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्यापासून तसंच हाये." अध्यक्षांना विचारलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शेवटची बरीच वर्षं देवळाली कॅम्पला काढली. त्यांना आठवलं. इमारत नवी असताना दिवसा भारनियमन असायचं, तासनतास वीज नसायची. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी, वीज असण्याची खात्री असेल तेव्हा, टाकी भरून घ्यायची पद्धत पडली. भारनियमन गेलं. पद्धत राहिली. आणि मी तिला "शक्य नाही" असं नाव देऊन आयोगाकडे पाठवलं.

"मग दुपारी भरा की," मावशी म्हणाल्या. "ऊन काय माणसाची वाट बघत थांबतंय?"

पहिल्या दिवशी दुपारी बाराला एकदाच टाकी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच पाणी संपलं. सुभेदारसाहेब टॉवेल गुंडाळून, अर्ध्या तोंडाला साबण, माझ्या दारात उभे. शांतपणे म्हणाले, "सचिव, तुमचा सूर्य आज उगवलाय का?" मी माझ्याकडची बादली दिली. बायकोने आत जाऊन हसून घेतलं.

त्याच्या पुढच्या दिवशीही जवळजवळ तसंच झालं. वरच्या टाकीत किती पाणी उरलं ते मी काठीने मोजत होतो. मावशी मात्र खालून, स्वतःच्या स्वयंपाकघरातून, नळाच्या आवाजावरून सांगायच्या. त्यांचा आणि काठीचा अंदाज एका वितीच्या आत जुळायचा. त्यांनीच सांगितलं, "एकदा भरून भागायचं नाय. अकराला एकदा भरा, धुण्याभांड्यांचं पाणी त्यात निघून जातंय. मग साडेतीनला पुन्हा काठोकाठ. ती सकाळपर्यंत जाईल." तसं केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळी होऊन टाकीत हातभर पाणी शिल्लक होतं. चौथ्या, पाचव्या दिवशीही. पंपाचं काम पूर्णपणे उन्हात आलं.

लिफ्टचं तसं होईना. माणसं घरी येतात तेव्हाच येतात. पंप दिवसा गेल्यावरही, घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त संध्याकाळी पाच ते रात्री झोपेपर्यंतच जात होती, आणि ती मुख्यतः लिफ्टची. तिला दुपारी कसं हलवणार?

आता प्रश्न चौथ्या मुद्द्याचा होता. सुभेदारसाहेबांचं मत ठाम होतं. "तुम्ही काही बोलू नका. कागद गेलाय, तो गेलाय. आपली कच्ची बाजू आपण होऊन कोणी दाखवतं का? पंप हलवता येतो असं म्हणालात तर ते म्हणतील, लिफ्टचंही बघा जमवून."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी दोन दिवस विचार करत होतो. मावशींना दिलेला शब्द वाचवायचा तर गप्प बसणं सोयीचं होतं. जेवताना बायकोला सांगितलं. ती पोळी वाढत म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्या नाशिकचे काटे तपासता. घरचा काटा चुकला तर तो झाकायचा का?" मग वर जाऊन मावशींना विचारलं, कारण त्यांची गच्ची पणाला लागली होती.

"कागदात काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"मग ते आता खोटं झालं."

"हो."

"मला दिलेला शब्द खरा करायला तिकडं खोटं बोलणार का? तसला शब्द मला नको. मी बी येते तिकडं."

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती. मावशींनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि रजिस्टर पिशवीत स्वतःकडे घेतलं होतं. आमच्या आधी बरेच लोक बोलले. उद्योजकांतर्फे एक गृहस्थ पडद्यावर आलेख दाखवत बोलले. शीतगृह चालवणारा एक जण बोलला, त्याचा उच्चार ऐकून मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्याकडचा दिसतोय." आमचा क्रमांक पुकारला तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला आली होती आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

मी उभा राहिलो आणि आधी ते सांगून टाकलं. आमच्या हरकतीतला चौथा मुद्दा चुकीचा आहे, तो मी मागे घेतो. जोडलेल्या तेरा महिन्यांच्या नोंदीतून वेळेचा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे त्या या मुद्द्यापुरत्या निरुपयोगी आहेत.

मागून कोणीतरी म्हणालं, "मग आलात कशाला?" थोडं हसू झालं.

मग मी अठरा दिवसांच्या नव्या नोंदी सांगितल्या. पंप हलवता येतो, आम्ही हलवला. लिफ्ट हलवता येत नाही. हे तिचे आकडे. ज्याला आपला वापर दिवसा आणता येतो त्याला तसं करायला जरूर सांगा. पण जे हलत नाही त्याची जुनी वजाबाकी घरांसाठी तशीच ठेवा. अठरा दिवस म्हणजे फार नाहीत, हेही मी सांगितलं. पाच मिनिटं पुरली.

समोर बसलेल्या सदस्यांपैकी एकांनी वर पाहिलं. "दिवसाच्या नोंदी कोणी घेतल्या? तुम्ही तर नोकरी करता म्हणालात."

मी मावशींकडे हात केला. त्यांना माईकपाशी बोलावलं. माईक त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होता. एका कर्मचाऱ्याने तो खाली केला.

"दुपारी पाणी भरायला सगळे रहिवासी तयार झाले?" सदस्यांनी विचारलं.

"आपणहून कोण तयार होतंय, साहेब? दोन दिवस तोंडाला साबण राहिला, मग झाले."

आता सभागृह मोकळेपणी हसलं. सदस्यही हसले. मावशी मात्र थांबल्या नाहीत.

"आम्ही बायकांनी गच्ची दिली, साहेब. कुरडया वाळवायची जागा दिली. तवा सांगितलं होतं, दिवसा दिलेली वीज संध्याकाळी धरली जाईल. आता तुम्ही म्हणता दिवसा वापरा. बरोबर हाय, आम्ही आमचा पंप हलवला. जेवढं आमच्या हातात होतं तेवढं हललो. आता तुम्ही तुमच्या जागेवरून हलू नका."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तशी पद्धत नसते. पण सदस्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि रजिस्टरच्या त्या अठरा दिवसांच्या पानांची प्रत मागून घेतली. मावशींनी ती झेरॉक्स होईपर्यंत दारात उभं राहून मूळ रजिस्टरवर नजर ठेवली. बाहेर आल्यावर मी त्यांना उसाचा रस पाजला. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तसा कारखान्यातल्या कोणत्याही बक्षिसाने वाटला नव्हता, आणि तो माझा स्वतःचा नव्हता, हे विशेष.

काही महिन्यांनी आदेश आला. शेकडो पानांचा. आमच्यासारख्या घरगुती जोडण्यांसाठी जुनी वजाबाकी तूर्त कायम ठेवली होती. पुढे बदलू शकते, असंही त्यात स्पष्ट होतं. हे आमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी आणि इतर शहरांतही कितीतरी लोक बोलले होते, आमच्यापेक्षा चांगले बोलले होते. पण हरकतींच्या सारांशात दोन ओळी होत्या: एका गृहनिर्माण संस्थेने स्वतःचा एक मुद्दा मागे घेऊन प्रत्यक्ष मोजणी सादर केली आणि पंपाचा वापर दिवसा आणल्याचं सांगितलं. आणि अगदी शेवटी, हजर राहिलेल्यांच्या यादीत, मावशींचं नाव होतं.

मी ते पान छापून वर नेलं. आदेश इंग्रजीत, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं.

"हे माझं?"

"हो."

"मधलं हे काय लिहिलंय?"

"तुमच्या मालकांचं नाव."

त्यांनी पान खिडकीशी नेलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग घडी न घालता कपाटात, साड्यांखाली सपाट ठेवलं.

गेल्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी वाळवणाच्या पट्टीवर त्यांची पाळी होती. मी टाकी बघायला वर गेलो तेव्हा त्या कुरडया उलटत होत्या. मी खिशातून इतिवृत्ताच्या त्या पानाचा फोटो काढून दाखवला. म्हटलं, "मावशी, शब्द पाळला गेला. पंप थेट उन्हावर चालतो, आणि लिफ्ट वजाबाकीने."

त्यांनी हातातली कुरडई खाली ठेवली. "म्हणजे लिफ्टचं अजून उसनंच हाय."

मी विचार केला. दिवसा द्यायचं, संध्याकाळी मागायचं, आणि पुढच्या वर्षी देणारा नाही म्हणू शकतो. "हो," मी म्हटलं. "उसनंच म्हणायचं."

"मग वहीत 'पाळला' लिहू नका इतक्यात." त्यांनी साडीच्या कोपऱ्यावरची वीट नीट केली. "मोजत राहा."

साडेतीन वाजले होते. खाली पंप सुरू झाला आणि टाकीत पाणी पडू लागलं. संध्याकाळी मी रजिस्टर बघितलं, तर पाचचे दोन्ही आकडे मराठीत लिहिलेले होते, दशांशासकट.